कावळ्याचे फोन

माझ्या बहिणीचं शेवटचं तोंड मी पाहिलं नाही. निरोप आला होता, वेळेवर आला होता, आणि दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच कानात आला होता. मी तो खोटा ठरवला. खोटे फोन ओळखणं हे तेव्हा माझं काम होतं, आणि त्या कामात लोक मला हुशार समजत.

सत्तरच्या दशकातली ती अखेरची वर्षं. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ऑपरेटर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. शहापूरच्या आमच्या घरून सायकलने जाता येईल इतकं ते जवळ होतं. एका खोलीत लाकडी बोर्ड, त्यावर नंबरांच्या बारीक झडपा, समोर स्टूल. गावात कुणी फोन उचलून हँडल फिरवलं की त्याच्या नंबराची झडप खट्‌कन पडायची. मी कॉर्ड लावून विचारायचो, "नंबर प्लीज." राइस मिल, दवाखाना, किराणा आणि कापडाची दुकानं, तहसील: गावातल्या कुठल्याच माणसाला माझ्यापासून लपता येत नसे, कारण झडप खोटं बोलत नाही. कुणी भलत्याला त्रास द्यायला फोन केला तर मी सरळ त्याचं नाव घेऊन म्हणायचो, "शेठ, ठेवा आता."

बाहेरगावच्या फोनचं तसं नव्हतं. दुसऱ्या एक्सचेंजहून येणाऱ्या सगळ्या फोनांना मिळून एकच झडप होती. ती पडली की पलीकडून कुणीतरी बोलतंय एवढंच कळायचं. तो कोणत्या नंबरावरून बोलतो हे त्याच्या तोंडूनच ऐकावं लागे. खोटे नंबर सगळे त्या वाटेने येत.

आणि ते का येत, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे कुणाच्या डोक्यावर कावळा बसला की ते मरणाचं लक्षण मानत. त्यावर उतारा असा की त्या माणसाच्या सोयऱ्यांना, विशेषतः ज्यांचा त्याच्यावर जीव आहे त्यांना, तो मेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. सोयरे छाती पिटून रडले की मरण त्या रडण्यावरच भागतं आणि माणूस वाचतो. दुसऱ्या दिवशी खरा निरोप जायचा आणि सगळे हसायचे. आधी हे काम पोस्टकार्डावर व्हायचं, मरणाची बातमी म्हणून कोपरा फाडलेल्या कार्डावर. गावोगाव फोन आले तसं लोकांना वाटू लागलं, कार्डाला तीन दिवस कशाला घालवायचे?

फोन असायचे थोड्यांकडे, त्यामुळे निरोप मिळायचा राइस मिलच्या मालकाला किंवा डॉक्टरांना, आणि त्यांनी माणूस धाडून तो पुढे पोचवायचा. एकदा मिलचे मालक स्वतः एक्सचेंजमध्ये आले आणि माझ्यासमोर टोपी आपटून म्हणाले, "बाबूजी, माणूस धाडला मी पाच मैल. घरचे सारे रडत-भेकत बैलगाडीनं गेले. आन् तिथं मेलेली बुढी ओसरीवर बसून सुपारी कातरून राहिली! वरून मलेच म्हणते, काहून आलेत जी सारे? तुम्ही बोर्डावर बसून करता काय?"

साहेबांनी मला एक वही दिली. अशा नकोशा फोनांची नोंद करायची आणि शक्य तर ते पुढे जोडायचेच नाहीत. या फोनांना आम्ही 'कावळ्याचे फोन' म्हणू लागलो.

महिन्या-दोन महिन्यांत ते मला ओळखता यायला लागले. पहिली खूण नंबराची. खोटा निरोप देणाऱ्याला आपला पत्ता लागू द्यायचा नसतो, म्हणून तो तोंडाला येईल तो नंबर सांगतो. आसपासच्या एक्सचेंजांचे सगळे नंबर मला पाठ होते. वाचनाची सवय होती. वाचनालयातून आणलेलं पुस्तक संपलं की मी नंबरांची यादीसुद्धा वाचत बसे. ज्या गावात तिशीच्या पुढे फोन नाहीत तिथून कुणी अठ्ठेचाळीस म्हणाला की तो धरलाच. दुसरी खूण आवाजाची. मागे कुणीतरी दबलेलं हसत असतं, किंवा 'सांग ना, सांग ना' करत असतं. तिसरी खूण मात्र मी स्वतः शोधली होती आणि तिचा मला अभिमान होता. खऱ्या मरणाचा निरोप देणारा माणूस 'मेला' म्हणत नाही. तो म्हणतो, 'तब्येत जास्त आहे, निघून या.' खोटं सांगणारा मात्र पहिल्याच दमात 'मेला' म्हणतो, कारण त्याला तो शब्द उच्चारायचाच असतो. त्याशिवाय उतारा लागत नाही. जो 'मेला' म्हणतो तो खोटा. शंका राहिलीच तर पलीकडच्या ऑपरेटरला उलट रिंग देऊन विचारायचं, असा नियम होता. मला सहसा गरज पडत नसे.

मोठ्या बहिणीला मी बाई म्हणायचो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ती अकराची. मला शाळेत जाता यावं म्हणून तिची शाळा चौथीत सुटली. संध्याकाळी ती सुपात तांदूळ पाखडायची आणि मला धडे मोठ्याने वाचायला लावायची. गोष्ट असली तर म्हणायची, "बाबू, आधी शेवट सांग. चांगला असंन तरच वाच." पुढे तिचं लग्न करडीला झालं आणि दोन वर्षांनी वडीलही गेले. तिला माहेर म्हणून मी एकटा उरलो.

त्या वर्षी भाऊबीजेला मी करडीला गेलो. धान कापणीला आलं होतं. ओवाळून झाल्यावर ती माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली,

"अरे बाबू, माह्या डोक्यावर कावळा बसला परवा."

"कुठं?"

"बांधीत, धानात. डोक्यावरचं शिदोरीचं टोपलं काढलं, खाली ठेवलं, आन् सरळ उभी झाली त हा डोक्यावरच येऊन बसला. मी काय मेलेली दिसून राहिली त्याले?"

तिची सासू चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, "हासू नको माय. तुया भावाले खोटा सांगावा धाडाच लागते."

"मला नका धाडू, मावशी," मी म्हणालो. "असे फोन ओळखायचाच पगार घेतो मी."

"ओळखजो ना," बाई म्हणाली. "ओळखजो, पण जरासा रडजो. नाहीतर ही बुढी मले चैन पडू देणार नाही."

"फुकटचं कोण रडंन?"

"एवढा मोठा केला तुले, थोडंसं रडू नाही देत का?" असं म्हणून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. भाऊजी हसले. सासू हसली नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने परत आलो. बाई बैलांना पेंढी टाकत होती. तिने हात वर केला. तिचा चेहरा मला आठवतो तो तिथपर्यंतचा.

नंतर दहा-बारा दिवस गेले. सकाळचे दहा वाजले असतील. बाहेरगावची झडप पडली. पलीकडच्या ऑपरेटरने फोन जोडून दिला आणि तो बाजूला झाला.

"हालो. हालो. करडीवरून बोलून राहिलो."

"बोला. नंबर सांगा."

बराच वेळ आवाज नाही. मग, "एकसष्ट लिवलं हाये जी."

करडीकडच्या लाइनीवर एकसष्ट नंबर नव्हता. त्याच्या अर्ध्यापर्यंतही ते नंबर जात नव्हते.

"कुणाला द्यायचा निरोप?"

"बाबूजीले. फोनवाल्या बाबूजीले. त्यायची बहीण मेली म्हना. आज सकायी. लवकर या म्हना."

एकसष्ट नंबर, आणि 'मेली'. शिवाय हा फोन येणार हे मला आधीच माहीत होतं. मला हसू आलं. मी मोठ्याने हसलो.

"मीच तो बाबूजी. मावशीने धाडलं ना तुम्हाला?"

"हो जी. तिच्या सासूनंच धाडलं."

"सांगा तिला, ओळखला म्हणून."

"काय ओळखला जी? अजी, खरंच मेली. मी शेजारचा हाव—"

"हे पाहा, या खोट्या नंबरावरून पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन."

मी कॉर्ड ओढून घेतली. उलट रिंग द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. नियमही तोच होता. पण ज्याची शंकाच नाही ते कशाला विचारायचं? मी वहीत लिहिलं: करडी, ६१, खोटा. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं, "आज आमच्या घरचाच कावळा आला." तोही हसला.

त्या दिवसाचे पुढचे पाच तास मला एकेक करून आठवतात. मी कॉल जोडले. डबा खाल्ला, वांग्याची भाजी होती. पुस्तकाची वीसेक पानं वाचली. मनात खरं तर बरं वाटत होतं, की चला, सासूचं समाधान झालं, आता ती बाईला त्रास देणार नाही. जरासं रडायचं तिने सांगितलं होतं ते राहिलं, एवढंच लागत होतं. मी ठरवलं की संक्रांतीला गेलो की तिला सांगायचं, खूप रडलो. ती काही तपासायला येणार नव्हती.

साडेतीनच्या सुमारास भाऊजींचा चुलतभाऊ एक्सचेंजच्या दारात आला. तो सायकलने आला होता. केस, भुवया, शर्ट सगळं धुळीने पांढरं झालं होतं. तो आत आला नाही. दारातूनच खाली बघत म्हणाला,

"बाईची तब्येत जास्त हाये. चला."

'जास्त' हा शब्द ऐकला आणि मी हेडफोन काढून ठेवला. त्याला काही विचारलं नाही. विचारायचं उरलं नव्हतं.

सहकारी बोर्डावर बसला. आम्ही बाजाराच्या वाटेने स्टँडवर गेलो. आमच्याकडे लग्न झालेल्या स्त्रीला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते भावाने आणायचं असतं, आणि ते येईपर्यंत शक्य तेवढं थांबतात. मी कापडाच्या दुकानात शिरून हिरवं लुगडं मागितलं. दुकानदार घड्या उलगडून दाखवायला लागला, "हे पाहा, काठ चांगले आहेत, घरच्यांना आवडेल." मी पहिलंच उचललं.

सायकल एस.टी.च्या टपावर चढवली. कारध्याच्या पुलावरून गाडी पलीकडे गेली. वाटेत त्याने तुटक तुटक सांगितलं. सकाळी उन्हं चढायच्या आत बाई शेतात गेली होती. कापून पसरून ठेवलेल्या धानाच्या कडपा गोळा करायच्या होत्या. कडपेखाली हात घालून उचलायला वाकली, आणि पायाला साप चावला. गाडी जुंपेपर्यंतच सगळं संपलं.

"तुमची लय वाट पाह्यली," तो म्हणाला. "निरोप धाडला होता. पण ज्याले धाडलं त्याले फोनवर बोलताच आलं नाही म्हणते. लाइन खराब होती म्हणे, पोचला का नाही त्यालेही मालूम नाही. मंग दुपारी मले पाठवलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

करडीला उतरलो तेव्हा सूर्य बुडत होता. तलावाच्या पाळीपलीकडे धूर दिसला. सापाचं विष अंगात असलेली मयत रात्रभर ठेवता येत नाही, असं जाणत्यांनी ठरवलं होतं. मी पोचलो तेव्हा ज्वाळा माणसाच्या उंचीवर गेल्या होत्या. भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या हातात लुगड्याचं पुडकं होतं आणि ते कुठे ठेवावं हे मला कळत नव्हतं.

घरी आल्यावर सासूने ते माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, "तिले माहेरचंच नेसवलं बापा. भाऊबीजेले तुवा देल्लेलं होतं ना, घडी मोडली नव्हती तिनं. सकरातीले नेसतो म्हने." मग तिचा आवाज फुटला. "मी सांगावा धाडलाच नाही रे कावळ्याचा. ती म्हने, भावाले उगंच कायले रडवता. मी आयकलं तिचं."

अंगणाच्या कोपऱ्यात एक पन्नाशीचा माणूस उकिडवा बसला होता. भाऊजींच्या वडिलांनी त्याच्याकडे हात केला. "यालेच धाडायले नव्हतं पाह्यजे. जलमात कधी फोन धरला नाही यानं. बोलताच आलं नाही लेकाले."

तो माणूस उठून माझ्यासमोर आला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलं जी माहं. मले फोनवर सांगता नाही आलं."

मी आवाज ओळखला. चार-सहा माणसं ऐकत उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं: निरोप पोचला होता. ते मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना मी फोन असलेल्या किराणा दुकानात गेलो. काळ्या फोनच्या मधोमध कागदाची गोल चकती होती आणि तिच्यावर ६१ लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "आमचा बिघडला होता जी. लाइनमननं कुठला तरी दुसरा आणून बसवला. चकती तशीच राह्यली. आमचा नंबर सतरा हाये." ज्याने जन्मात कधी फोन धरला नव्हता, त्याला नंबर विचारल्यावर जो समोर दिसला तो त्याने वाचून सांगितला होता.

पुढची काही वर्षं मी भाऊजींकडे जात होतो. प्रत्येक वेळी कुणीतरी त्या शेजाऱ्याची गोष्ट काढी. गावात कुणाला काही निरोप पाठवायचा असला की म्हणत, "याले नको धाडू, हा मयतीचा निरोप गिळून आला होता." लोक हसत. तो समोर असला तर तोही कसंनुसं हसायचा. मग भाऊजींनी दुसरं लग्न केलं, ते योग्यच होतं, आणि माझं जाणं कमी झालं. आमच्याकडे आपोआप नंबर लागणारं एक्सचेंज आलं, बोर्ड गेला, मला टेबलाचं काम मिळालं. पण बाईचा चेहरा आठवायला गेलो की ती बैलांना पेंढी टाकताना हात वर करते आणि तिथेच थांबते. पुढचं मला हवं होतं. घरातल्या बायांना मी विचारलं होतं. सगळ्या म्हणाल्या, "झोपल्यावानी दिसत होती." मयत झालेल्या प्रत्येकाविषयी आमच्याकडे असंच सांगतात.

एका हिवाळ्यात मी मुद्दाम त्या शेजाऱ्याकडेच गेलो. तो बांधीत पुंजणं रचत होता, धानाचे भारे एकावर एक लावत. मला पाहून खाली उतरला.

"तुमच्याशी बोलायचं होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही नीट सांगितलं होतं. मीच—"

"मालूम हाये जी," तो म्हणाला.

"काय मालूम?"

"तुम्ही हासले ना. आयकू आलं मले."

मी विचारलं, "मग गावात काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? भाऊ हासला म्हणून सांगू? मयत अंगणात होती जी."

तो पुन्हा पुंजण्याकडे वळला. एक भारा उचलून त्याने वर टाकला. मी तिथेच उभा होतो. त्या सकाळी बाईला शेतातून घरी आणणाऱ्यांत तो होता, हे मला माहीत होतं.

"एक विचारू?" मी म्हणालो. "ती कशी दिसत होती?"

त्याने हातातला भारा खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं.

"पाय सुजला होता जी, घोट्यापासून मांडीवरी. होट काळे पडले होते. डोळे पुरे मिटत नव्हते, बाया दाबून राहिल्या होत्या. केसात धानाचं कुसळ अडकलं होतं, आंघोळ घातली तरी नाही निघालं." तो थांबला. "अजून सांगू?"

"सांगा," मी म्हणालो, आणि बांधावर बसलो.